टाकी ते टाकी

वडाळ्याच्या पंपावर मी पोराला सांगतो,
काठोकाठ भर, फेस बसू दे, मग परत भर.
तो वैतागतो. मागचा टेम्पो हॉर्न देतो.
पण टाकी ते टाकी मोजायचं
तर दोन्ही वेळा डिझेल एकाच रेषेला यायला हवं,
नाहीतर वहीतला आकडा थापा मारतो.

वही जनूची. पहिल्या पानावर तारीख,
मीटरचं रीडिंग, लिटर,
आणि खाली त्याच्या तिरक्या अक्षरात:
साडेआठ. लाज आहे.

गाडी दोन हजार पाचची. इंजिन दोनदा उतरलेलं.
शिवडीच्या फॅक्टरीतून बर्फाच्या लाद्या
पहाटे तीनला भाऊच्या धक्क्यावर,
उरल्या तर माहीमला, भाव मिळेल तसा.
खाऱ्या पाण्यानं हौदाचा पत्रा पापडासारखा झालाय,
बोट लावलं तर आरपार.

मोईन मिस्त्रीनं बॉनेटला हातही लावला नाही.
जॅक चढवला आणि म्हणाला, चाक फिरव.
मागचं डावं फिरेना.
'दोन वर्षं तू ब्रेक दाबून गाडी चालवतोयस,
आणि शिव्या पंपवाल्याला.'
ड्रम उघडला, स्प्रिंग गंजून मोडलेली.
पुढच्या टाकीला नऊ पूर्णांक सात.

मग फिल्टर. जमिनीवर आपटला
तर रे रोडची धूळ, लाकडाचा भुसा,
आणि एक झुरळ, अख्खं.
मग नोझल. मग टायरची हवा, जी मी नेहमी
नजरेनं भरायचो.
टपावरचं लोखंडी कॅरियर काढलं, भंगारात
त्याचे नऊशे आले, त्यातून जनूनं वडापाव आणले,
मोईनच्या पोरांना धरून अकरा.
धूर काळ्याचा करडा झाला.
दहा पूर्णांक आठ.

चालवायचं कसं ते जनूनंच शिकवलं.
लोक म्हणतात पायाखाली अंडं आहे असं समज.
तो म्हणायचा, अंडं कशाला, बोंबील समज,
ओला. चिरडलास तर वास दिवसभर तुझाच.
डॉकयार्ड रोडच्या सिग्नलला तो चावी बंद करायला लावायचा
आणि आकडे मोजायचा मोठ्यानं,
एकोणऐंशी, अठ्ठ्याऐंशी नव्हे रे, अठ्ठ्याहत्तर,
स्वतःलाच दुरुस्त करत, पाचापर्यंत.
मग, मार.

बर्फाचं एक आहे. वाटेत तो वितळतो,
गाडी हलकी होते, मायलेज वाढतं,
आणि धक्क्यावर तांडेल काट्याकडे बोट दाखवतो.
म्हणजे वाचलेलं सगळं
वाचलेलंच असतं असं नाही.
हे जनूलाही माहीत होतं. त्यानंच विषय काढला.
डिझेल नव्वदच्या वर, लाद्या कमी,
एका गाडीवर दोन घरं ओढत नाहीत.
मी नको म्हणालो.
एकदाच म्हणालो.

आता तो लोअर परळच्या एका टॉवरमध्ये
लिफ्टमध्ये स्टुलावर बसतो.
बेचाळीस मजले वर, बेचाळीस खाली,
फोनवर हसतो: दिवसभर चढ, आणि डिझेल शून्य.

गेल्या महिन्यात अकरा पूर्णांक एक.
मोईन विचारतो, आता काय बदललंस?
मी म्हणतो, काही नाही, तुझाच हात.
जनू अठ्ठ्याहत्तर किलोचा होता,
फॅक्टरीच्या काट्यावर एकदा मस्करीत चढलेला,
काटेवाल्यानं पावती फाडली होती, बर्फ म्हणून.
ती अजून वहीच्या कव्हरात आहे.

आकडा मी माझ्या अक्षरात लिहिला.
खाली काहीतरी लिहावं म्हणून पेन धरून बसलो,
तेवढ्यात हौदातून पाणी ठिबकायला लागलं
आणि निघावं लागलं.

डॉकयार्ड रोडला चावी बंद करतो.
मोजायला सुरुवात करतो, चौसष्टच्या आसपास चुकतो.
हिरवा कधी होतो कळत नाही,
मागचे सगळे मिळून सांगतात.